अधिकारपत्र : दुसऱ्याच्या हाती आपली सही

पत्रलेखन हा विषय आपण शाळेत शिकतो. वडिलांस पत्र, मित्रास अभिनंदनपर पत्र, रजेचा अर्ज, पुस्तकविक्रेत्याकडे मागणी असे त्याचे प्रकार आपल्या परिचयाचे आहेत. परंतु ज्या एका पत्राची गरज प्रत्येक घरास केव्हा ना केव्हा पडते, आणि जे चुकीचे लिहिले असता कधी फुकटचा हेलपाटा तर कधी आयुष्यभराचा पश्चात्ताप पदरी येतो, त्या पत्राकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. ते पत्र म्हणजे अधिकारपत्र. ‘हे काम मी स्वतः करावयाचे, परंतु मला येणे शक्य नाही, म्हणून माझ्या वतीने अमुक मनुष्य ते करील,’ एवढाच त्याचा आशय. त्याचाच मोठा व कायदेशीर भाऊ म्हणजे मुखत्यारपत्र. या दोहोंचा थोडा विचार आपण आज करू.

आपणां ग्वाल्हेरकरांस तर या विषयाची गरज इतरांहून काकणभर अधिक आहे. आपले राहते घर येथे, वडिलार्जित जमिनीचा तुकडा किंवा घराचा चौथा हिस्सा साताऱ्याकडे अथवा कोकणात, मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास, आणि मुलगी समुद्रापार, अशी अनेक कुटुंबांची स्थिती आहे. एकाच वेळी चार ठिकाणी हजर राहणे कोणासच शक्य नसल्यामुळे कोणीतरी कोणाच्या तरी वतीने सही करीतच असतो.

दोन शब्दांची ओळख

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘मुखत्यार’ हा शब्द अरबी ‘मुख्तार’ यावरून आपल्या भाषेत आला. त्याचा अर्थ ‘निवडलेला’, आणि तसाच ‘ज्याला निवड करण्याची मुभा आहे असा’. ‘अखत्यार’ हा आपल्या नित्याच्या बोलण्यातील शब्दही त्याच धातूपासून झालेला. म्हणजे मुखत्यार नेमताना आपण दोन गोष्टी करतो : एक माणूस निवडतो, आणि निवड करण्याचा आपला हक्क त्याच्या हाती ठेवतो. पहिली गोष्ट सर्वांच्या ध्यानात असते. दुसरीचे विस्मरण होते. ‘वकील’ हा शब्दही अरबीच असून ‘ज्याच्यावर काम सोपविले तो’ असा त्याचा मूळ अर्थ आहे. न्यायालयातील काळा झगा त्याला फार पुढे मिळाला. मराठ्यांच्या राजकारणात परदरबारी राहणाऱ्या प्रतिनिधीस वकीलच म्हणत.

या शब्दाचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या शिंदे घराण्याच्या इतिहासातच आहे. १७८४ साली दिल्लीचा बादशहा शाह आलम याजकडून महादजी शिंदे यांनी ‘वकील-इ-मुतलक’ हे पद पेशव्यांसाठी मिळविले, आणि पेशव्यांचे नायब या नात्याने स्वतः उत्तरेचा कारभार पाहिला. ‘मुतलक’ म्हणजे अनिर्बंध. पुढे १७९२ साली महादजी पुण्यास गेले व सवाई माधवरावांस त्या पदाची वस्त्रे मोठ्या समारंभाने अर्पण करण्यात आली. बादशहाचा मुखत्यार पेशवा, आणि पेशव्याचा नायब महादजी! अनिर्बंध अधिकार दिल्यानंतर देणाऱ्याच्या हाती कितीसे उरते, हे त्या बादशहाच्या चरित्रावरून इतिहासाच्या अभ्यासकांस कळतेच. सामान्य गृहस्थाच्या पत्राने साम्राज्य जात नाही. पण घर जाऊ शकते.

दोन अनुभव

आमच्या परिचयातील दोन गोष्टी येथे सांगतो.

पहिली गोष्ट एका विद्यार्थ्याच्या वडिलांची. ते नोकरीनिमित्त परगावी होते. मुलाचे नाव आधी शहरातील दुसऱ्या एका शाळेत होते, आणि तेथून शाळा सोडल्याचा दाखला आणावयाचा होता. त्यांनी आपल्या धाकट्या भावाजवळ हिंदीत चिठ्ठी दिली : मुलाच्या ‘दाखल्या’च्या कामासाठी माझा भाऊ येत आहे, त्यास योग्य ती मदत करावी. मराठीत दाखला म्हणजे प्रमाणपत्र. हिंदीत ‘दाखिला’ म्हणजे प्रवेश! कचेरीतील लिपिकाने सरळपणे प्रवेशअर्जाचा कोरा नमुना त्या काकांच्या हाती ठेवला. गैरसमज उलगडल्यावर लिपिक म्हणाला, “दाखला नेण्याचा अधिकार तुम्हांस दिला आहे असे या चिठ्ठीत कोठे आहे? आणि तुम्ही ते भाऊच, हे मी कशावरून ओळखावे?” त्याचे म्हणणे बरोबर होते. दुसरी चिठ्ठी येईपर्यंत पाच दिवस गेले, आणि पुढील प्रवेशाची मुदत त्या पाच दिवसांतच संपली.

दुसरी गोष्ट एका वृद्ध विधवा आत्याबाईंची. त्यांचा सातारा जिल्ह्यातील जमिनीत हिस्सा होता. गावाकडील पुतण्या आला व म्हणाला, “आत्या, सात-बारावर तुझी वारसनोंद लावायची आहे. एवढ्या लांब तुला हेलपाटे कशाला? मला मुखत्यार कर.” टंकलिखित मराठी कागद त्याने बरोबरच आणला होता. तो तीन दिवस घरातील फडताळावर पडून होता. चौथ्या दिवशी दुय्यम निबंधकासमोर त्यांनी सही केली. मजकूर मान्य आहे काय असे विचारल्यावर मानही डोलावली. कागदात वारसनोंदीचा उल्लेख पहिल्याच कलमात होता. सातव्या कलमात जमीन विकण्याचा, किंमत घेण्याचा आणि खरेदीखत नोंदवून देण्याचा अधिकार होता. वर्षभराने जमीन गेल्याचे कळले. विचारावयास गेलेल्या नातलगांस त्या एवढेच म्हणाल्या, “सही माझीच आहे.”

पहिल्या गोष्टीत अधिकार अपुरा पडला. दुसरीत तो अमर्याद होता. चांगले अधिकारपत्र या दोन टोकांच्या मध्ये उभे असते. हेतूला पुरेल एवढे द्यावे आणि त्याहून तसूभरही अधिक देऊ नये, हे या लेखनाचे सूत्र होय.

कायदा काय म्हणतो?

दुसऱ्यास प्रतिनिधी नेमण्याविषयीचे आपल्या देशातील मूळ नियम १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या दहाव्या प्रकरणात आहेत. मुखत्यारपत्रासाठी १८८२ चा स्वतंत्र लहानसा अधिनियमही आहे. त्यांतील पाच गोष्टी विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत.

एक. प्रतिनिधीने आपल्या अधिकाराच्या मर्यादेत जे केले, ते नेमणाऱ्याने स्वतः केल्यासारखेच धरले जाते. ‘मी नव्हे, त्याने केले’ ही सबब तेथे चालत नाही. आत्याबाईंचे ते तीन शब्द कायद्याच्या भाषेतही खरे होते.

दोन. प्रतिनिधी नेमणारा मनुष्य सज्ञान, म्हणजे आपल्या कायद्याप्रमाणे सामान्यतः अठरा वर्षे पूर्ण झालेला, आणि शुद्ध मनाचा असला पाहिजे. प्रतिनिधी मात्र अज्ञानही असू शकतो! आजोबांनी पंधरा वर्षांच्या नातवास पत्र देऊन एखादे काम करून आणण्यास पाठविले, तर तिसऱ्या माणसाच्या दृष्टीने ते काम आजोबांनीच केलेले ठरते; परंतु नातवाने घोटाळा केल्यास कायद्याने त्यास आजोबांप्रत जबाबदार धरता येत नाही. जोखीम सारी आजोबांची. पुष्कळ कचेऱ्या अल्पवयीन मुलाकडून पत्र स्वीकारीत नाहीत, त्यामागे असाच सावधपणा असतो.

तीन. ज्याच्यावर विश्वासाने काम सोपविले, त्याने ते सामान्यतः स्वतःच केले पाहिजे. त्याने परस्पर तिसऱ्यास नेमावयाचे, तर मूळ पत्रात तशी मुभा हवी, किंवा त्या व्यवसायाची रीत अथवा कामाचे स्वरूपच तसे हवे. तसेच प्रतिनिधीने सूचनेप्रमाणे वागावे, अडचण पडल्यास मालकाशी संपर्क साधून त्याचा विचार घ्यावा, आणि मागितल्यास हिशेब द्यावा, ही त्याची कर्तव्ये होत.

चार. दिलेला अधिकार, काही अपवाद वगळता, काढून घेता येतो. परंतु तो मनातल्या मनात काढून घेऊन भागत नाही. प्रतिनिधीपुरता तो संपतो त्यास कळल्यापासून, आणि तिसऱ्या माणसापुरता संपतो त्या तिसऱ्यास कळल्यापासून. यास्तव पत्र रद्द करताना ज्या कचेरीत ते दिले होते तेथेही लेखी कळवून त्याची पोच घेणे अगत्याचे आहे.

पाच. देणारा मरण पावला किंवा त्याचे मन शुद्ध राहिले नाही, तर सामान्यतः अधिकारही संपतो. ‘वडिलांनी मला मुखत्यार केले होते’ असे सांगून वडिलांच्या पश्चात त्यांच्या खात्यातून पैसे काढणे म्हणूनच गैर ठरते. त्यापुढची वाट नामनिर्देशनाची, मृत्युपत्राची किंवा वारसाहक्काची असते, मुखत्यारपत्राची नव्हे.

येथे साधे अधिकारपत्र व मुखत्यारपत्र यांतील भेद सांगितला पाहिजे. दाखला आणणे, टपाल किंवा वस्तू ताब्यात घेणे, अर्ज देऊन पोच आणणे अशा एकेका किरकोळ कामास साध्या कागदावरील सहीचे पत्र बहुधा पुरते. मालमत्तेचे व्यवहार किंवा दीर्घकाळ चालणारी कामे यांसाठी मुद्रांकावरील मुखत्यारपत्र लागते. मुद्रांकाची रक्कम राज्याराज्यांत निराळी असते. एकाच ठरावीक कामापुरते असेल ते खास मुखत्यारपत्र, आणि सर्व व्यवहारांचे असेल ते आममुखत्यारपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र. दस्त नोंदणीसाठी सादर करावयाचा अधिकार मुखत्यारास द्यावयाचा असेल, तर १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे ते पत्र आपण राहतो त्या भागातील निबंधकासमोर सही करून प्रमाणित करून घ्यावे लागते. परदेशस्थास ते तेथील नोटरी किंवा भारतीय वाणिज्यदूत यांच्यासमोर करता येते. आजारामुळे ज्यास कचेरीत जाणे धोक्याचे आहे, त्यास प्रत्यक्ष हजेरीतून सूट मिळण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे. आणखी एक गोष्ट : नुसत्या मुखत्यारपत्राने घर किंवा जमीन विकत घेता येत नाही. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे.

काही गोष्टी मात्र कोणत्याही पत्राने दुसऱ्यास देता येत नाहीत. आपली परीक्षा दुसरा देऊ शकत नाही. आपले मृत्युपत्र आपल्या वतीने दुसरा ठरवू शकत नाही. आपले मतही दुसऱ्याने द्यावयाचे नसते. सैन्यदलांतील मतदारांस प्रतिनिधीमार्फत मत देण्याची सोय २००३ पासून झाली आहे. ती खास अपवाद म्हणून.

पूर्वजांची दक्षता

अधिकारपत्राचा मसुदा कसा करावा, याचे धडे आपल्या जुन्या कागदांतही सापडतात. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी लहान मुद्रा उमटविलेली असे. पत्राचा मजकूर येथे संपला, ही त्याची मर्यादा, असा तिचा अर्थ. त्याखाली कोणी एक ओळ वाढविली तरी ती पत्राची नव्हे, हे पाहणाऱ्यास तत्काळ कळे. पुढील काळातही मजकुराच्या शेवटी ‘लेखनसीमा’ असा शब्द लिहीत. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचीही खूण ठरलेली असे. शेतकऱ्याच्या नावापुढे नांगर काढीत व ‘निशाणी नांगर’ असे लिहीत. आणि ज्याने स्वहस्ते सही केली, तो ‘दस्तुरखुद्द’ असा शब्द घाली. मजकूर कोठे संपतो, खूण कोणाची, आणि अक्षर कोणाचे, हे तीन प्रश्न आजही तेच आहेत.

पत्र कसे लिहावे?

आता प्रत्यक्ष लेखनाकडे वळू. चांगल्या अधिकारपत्रात सहा प्रश्नांची उत्तरे असतात : कोण देतो? कोणास देतो? कोणापुढे चालण्यासाठी देतो? कोणत्या कामापुरता देतो? केव्हापर्यंत देतो? आणि ओळख कशी पटवावी? वर सांगितलेल्या दाखल्याच्या कामासाठी पत्र लिहावयाचे, तर ते असे लिहिता येईल :

दिनांक : …
प्रेषक : (पूर्ण नाव व पत्ता)

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
… विद्यालय, ग्वाल्हेर.

विषय : मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला स्वीकारण्याचा अधिकार देण्याबाबत.

महोदय,

माझा मुलगा (पूर्ण नाव) हा आपल्या विद्यालयात इयत्ता … मध्ये शिकत होता. त्याचा जनरल रजिस्टर क्रमांक … असा आहे. मी नोकरीनिमित्त परगावी असल्यामुळे मला समक्ष येता येत नाही. यास्तव माझे धाकटे बंधू श्री. (पूर्ण नाव), वय …, राहणार …, यांस मी माझ्या वतीने फक्त पुढील दोन कामांचा अधिकार देत आहे :

(१) दाखल्यासाठी अर्ज देणे व आवश्यक ते शुल्क भरणे;
(२) दाखला ताब्यात घेऊन त्याची पोच देणे.

दाखल्यातील नाव, जन्मतारीख किंवा अन्य मजकूर बदलून घेण्याचा अधिकार यात अंतर्भूत नाही. हे पत्र दि. … पर्यंतच लागू राहील. माझ्या बंधूंच्या सहीचा नमुना खाली दिला आहे. आम्हां दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला,
(सही व पूर्ण नाव)

श्री. … यांची सही : ……
वरील सही माझ्यासमोर केली आहे. (पुन्हा देणाऱ्याची सही)

या पत्रातील ‘फक्त’ हा दोन अक्षरांचा शब्द साऱ्या पत्राची राखण करतो. हुंडीवर किंवा पावतीवर रकमेपुढे आपण ‘फक्त’ का लिहितो, हे आठवा. तसेच ‘इत्यादी’, ‘वगैरे’, ‘व अनुषंगिक सर्व कामे’, ‘योग्य वाटेल ते’ हे शब्द निबंधात निरुपद्रवी असतात. अधिकारपत्रात ते उघड्या ठेवलेल्या दारासारखे होत. जन्मतारखेविषयीचे निषेधाचे वाक्यही निष्कारण नाही. जे करावयाचे ते सांगणे जितके आवश्यक, तितकेच धोक्याचे जे, ते नाकारणेही.

पत्र ज्या कचेरीत द्यावयाचे तेथील भाषेत लिहावे. गावाकडील तलाठ्यास मराठीत, येथील कचेरीस हिंदीत. परंतु हिंदीत लिहिताना मराठी शब्द तसाच ठेवू नये. दाखल्याची कथा आपण ऐकलीच. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड व हिंदीत शिक्षण, हेही ध्यानात असू द्यावे.

काही बारीक सूचना आणखी. कोऱ्या कागदावर, किंवा नाव-तारीख मागाहून भरण्याच्या बोलीवर, कधीही सही करू नये. मजकूर व सही यांमध्ये मोकळी जागा राहिल्यास तिरकी रेघ ओढावी. तीच आपली ‘मर्यादेयं विराजते’. खाडाखोड झाल्यास तेथे पूर्ण सही करावी. एकाहून अधिक पाने असल्यास प्रत्येक पानावर सही करावी. ओळखपत्राच्या झेरॉक्सवर ‘केवळ अमुक कामासाठी’ असे लिहून तारीख घालावी. पत्राची एक प्रत घरी ठेवावी.

घरातील वृद्ध माणूस आजारी असून त्यास बँकेत जाणे शक्य नसेल, तर पैसे काढण्यासाठी नवे कागद रचण्यापूर्वी बँकेतच चौकशी करावी. अशा खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेने सोय सांगितली आहे. सही करता येत नसल्यास अंगठा दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा, व त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. तसेच रक्कम कोणाच्या हाती द्यावयाची तो मनुष्य खातेदाराने बँकेस दाखवून द्यावा.

आणि शेवटी एक असे अधिकारपत्र, की ज्यास कागदच नसतो. आजोबांच्या दूरध्वनीवर येणारा ओटीपी, म्हणजे एकदाच वापरावयाचा सांकेतिक क्रमांक, ही आजच्या काळातील सहीच होय. तो ज्यास सांगितला, त्याच्या हाती आपण न मर्यादा, न मुदत, न साक्षीदार असे आममुखत्यारपत्र दिल्यासारखेच आहे. पुष्कळ घरांत आजोबांचा दूरध्वनी तुम्हीच चालविता. म्हणून ही जबाबदारीही तुमचीच.

समारोप

अधिकारपत्रात मर्यादा घालणे म्हणजे आप्तांवर अविश्वास दाखविणे, असे काही वडीलधाऱ्यांस वाटते. आमचे मत उलट आहे. स्पष्ट पत्राने देणाऱ्याचे रक्षण होते, तसेच घेणाऱ्याचेही होते. कारण प्रामाणिक प्रतिनिधीने काय केले, यावर उद्या कोणी संशय घेतला, तर तेच पत्र त्याची बाजू सांगते. भाऊबंदकीची पुष्कळशी भांडणे दुष्टपणातून निघण्याऐवजी मोघम बोलण्यातून निघतात.

आत्याबाईंच्या गोष्टीतील एक तपशील आम्ही मागे राखून ठेवला होता. तो कागद फडताळावर तीन दिवस पडून होता, तेव्हा त्या घरात दहावीत शिकणारी एक नात होती. तिचे मराठी वाचन उत्तम. वक्तृत्वात तिला बक्षीसही मिळाले होते. सातवे कलम वाचावयास तिला एक मिनिट पुरे झाले असते. परंतु तो कागद मोठ्या माणसांचा म्हणून तिला कोणी वाचावयास सांगितले नाही, आणि तिनेही तो उचलला नाही.

विद्यार्थिमित्रहो, आपण येथे मराठी शिकतो ती कविता कळाव्यात म्हणून, आणि घरातील फडताळावरचा कागद वाचता यावा म्हणूनही. तुमच्या घरी कोणी सही करावयास बसले, तर नम्रपणे म्हणा, “आजी, आधी मी वाचून दाखवू का?” पहिल्यापासून शेवटपर्यंत, सावकाश, एकही कलम न गाळता वाचा. मग सही आजीचीच होईल, आणि ती खऱ्या अर्थाने दस्तुरखुद्द असेल.

स्वाध्याय : (१) आपल्या आजोबांच्या वतीने वाचनालयातून त्यांची पुस्तके बदलून आणण्यासाठी अधिकारपत्राचा मसुदा करा. (२) त्यात मुदत आणि ‘फक्त’ हा शब्द योग्य जागी आहे का, ते तपासा. (३) तोच मसुदा हिंदीत लिहा, आणि अर्थ बदलणारे शब्द कोणते, ते वहीत टिपून ठेवा.